‘बुलिंग’ला मराठीत काय म्हणावं?

कळव्याची शिक्षिका: पालकसभेसाठी एक पत्रक मराठीत लिहितेय. ‘सायबर बुलिंग’साठी बऱ्याच ठिकाणी ‘सायबर गुंडगिरी’ छापलेलं दिसतं. पण गुंड म्हटलं की पालक निर्धास्त होतात, आमचा मुलगा काही गुंड नाही. प्रत्यक्षात असलं करणारी मुलं पहिल्या बाकावरचीही असतात. दुसरा शब्द सुचवा.

नेरुळकर: ‘छळ’ लिहा. गुंडगिरीत करणारा दिसतो, छळात सोसणारा. शिवाय ‘छळकपट’ या जोडशब्दात संस्कृतातला फसवणुकीचा जुना अर्थ अजून शिल्लक आहे. खोट्या नावाने अकाउंट उघडून एखाद्या मुलीचे फोटो फिरवणं, यात कपट आणि पीडा दोन्ही आलं. ‘जाच’ मात्र नको. जाच सासूचा, सावकाराचा. तिथे वरचढपणा आधीपासून असतो. इथे कालचा मित्रच आज ग्रुपवर उलटतो.

घोडबंदर रोडची आई: शब्द पटला, पण मुलं तो वापरत नाहीत. माझी मुलगी नववीत आहे. ‘माझी खेचतात’, ‘रोस्ट केलं’, ‘स्टोरीला टाकलं’, ‘ग्रुपमधून काढलं’ असं ती सांगायची. ऐकायला किरकोळ. पण फोन वाजला की ती दचकायची, जेवण टाकायची, क्लासला जायचं म्हटलं की पोट दुखायचं. शाळेतला त्रास पूर्वी शाळा सुटली की सुटायचा. हा अंथरुणापर्यंत येतो, आणि स्क्रीनशॉट कुणाकुणाकडे आहे ते कळतच नाही. पत्रकात मुलांचे हे शब्दही छापा, म्हणजे पालकांना ऐकताच ओळखता येतील. आणि ‘चेष्टा’, ‘टिंगल’ कृपा करून कुठेही नको. ‘चेष्टेवारी ने गं’ हे वाक्य तयारच असतं सगळ्यांकडे. तुमचा होतो खेळ, आमचा जातो जीव, ही म्हण उगाच नाही आपल्या भाषेत.

वाशीहून, समुपदेशक: ‘छळ’ला माझंही मत. मात्र ‘सायबर बुलिंग’ नावाचं वेगळं कलम कायद्यात नाही. ऑनलाइन पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो, संमतीविना खासगी अंगाचे फोटो पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई मध्ये. त्यामुळे तक्रारीत नुसतं ‘छळ झाला’ लिहून भागत नाही. कुणी, कधी, काय पाठवलं ते लिहावं. ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्यावेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते.

आता पत्रकात आत्महत्येचा उल्लेख आला तर त्याबद्दलचे शब्द. ‘प्रयत्न फसला’, ‘अयशस्वी ठरला’ असं लिहू नका, जणू मरण म्हणजे यश. ‘वाचला’ लिहा. ‘एका कमेंटमुळे जीव दिला’ हेही नको. कारणं सहसा एकात एक गुंतलेली असतात, आणि तसल्याच त्रासात असलेल्या मुलाला ते वाक्य वाट दाखवल्यासारखं वाटू शकतं.

‘मी नसलेलीच बरी’, ‘गायब व्हावंसं वाटतं’ असं मूल म्हणालं तर त्याला ‘नाटकं’ किंवा ‘धमकी’ म्हणू नये. सरळ विचारावं: जीव द्यावा असं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका, लगेच मदत घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच.

नौपाड्यातून: एक आपल्या गावचं. ‘हिला ठाण्याला भरती करा’ ही कमेंट इथलीच मुलं इथल्याच मुलांना टाकतात. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, त्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या शिवीसारखं वापरलं गेलं. म्हणूनच छळ सोसणारं मूल मदत मागायला कचरतं, मागितली तर चिडवणाऱ्यांचं खरं ठरेल असं त्याला वाटतं. याच ठाण्यात १९९० पासून आयपीएच ही संस्था मनाच्या आरोग्याचं काम करतेय, तेही पत्रकात येऊ द्या. आणि ‘मनोरुग्ण’ हा शब्द टाळा, ‘मनाला त्रास होतोय’ पुरे.

कळव्याची शिक्षिका: ‘ऑनलाइन छळ’ नक्की केलं. खाली मुलांचे शब्द, मग तो सरळ प्रश्न जसाच्या तसा, आणि १४४१६ ठळक. ‘पीडित’च्या जागी ‘ज्याचा छळ झाला तो मुलगा किंवा मुलगी’ असं लिहितेय. लांबतं, पण चालेल.