एर्गोनॉमिक्स एकट्या इंजिनिअरचं नाही

पऱ्हाटी: काल इथं 'नांगरफाळ' यांनी लिहिलं की एर्गोनॉमिक्स (अवजार आणि काम माणसाला जुळेल असं करण्याचं शास्त्र) म्हणजे यंत्राची मापं, म्हणजेच इंजिनिअरिंग, त्यात मानसशास्त्र आणि गृहविज्ञान घुसवून पोरांची वर्षं वाया घालवतात. वाचून इतका राग आला की सविस्तर लिहायलाच बसलो.

भाऊ, हा शब्द १८५७ साली वापरला तो पोलंडच्या यास्त्रझेंबोव्स्की यांनी, आणि ते निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक होते. १९४९ मध्ये इंग्लंडात या विषयाची पहिली संस्था उभी राहिली तेव्हा शरीरशास्त्रवाले, मानसशास्त्रवाले आणि इंजिनिअर एकत्र बसले होते. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमान उतरलं की वैमानिक फ्लॅपऐवजी (पंखांच्या हलत्या पट्ट्यांऐवजी) चाकंच आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे. यंत्रात बिघाड नव्हताच. अल्फान्स चपानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक बसवलं, म्हणजे न बघताही हाताला कळावं. हे काम कोणत्या लेथ मशीनवर झालं असतं?

नांगरफाळ: विमानाचं विमानवाल्यांना. माझं वर्कशॉप २२ वर्षांचं आहे. डवरे, वखर, पंपाचे स्टँड, सगळं केलं. गिऱ्हाईक म्हणतं मूठ उंच झाली, मी कापून देतो. वाकडी झाली, सरळ करून देतो. आजवर मला एकही मानसशास्त्रज्ञ लागला नाही.

वेचणारी: गिऱ्हाईक म्हंजे कोन, भाऊ? दुकानात माणूस येते. निंदाले बाया असतात. तुमच्याकडं किती बाया येऊन खुरप्याची मूठ हातात धरून पाहून गेल्या, सांगा. मागच्या सालात आमच्या गटानं हातानं ढकलायचं सायकल कोळपं घेतलं. हँडल माह्या छातीले लागे. कोपर वर करून ढकला लागे. दुपारलोक खांदे भरून आले. सासूनं धुऱ्यावर टाकून देलं आन् परत खुरपं घेऊन बसली. मंग सांगाले आलेला साहेब म्हने, बायायले नवीन काही शिकाचंच नसते. तुमचं यंत्र चुकलं आन् अडाणी आमी ठरलो.

नांगरफाळ: हँडलला खालीवर करायला तीन भोकं पाडायला हवी होती, हे मान्य. पण ताई, भोक पाडणं हेही इंजिनिअरिंगच.

मोजपट्टी: भोकं कुठं पाडायची ते कोण सांगणार? मी गृहविज्ञानाचीच विद्यार्थिनी आहे, म्हणून बोलते. सरासरी उंची धरून हँडल केलं तर निम्म्या बायांना ते उंचच पडणार. वस्तू हाताशी यायला हवी असेल तर सगळ्यांत ठेंगण्या पाच टक्के बायांचं माप धरतात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या पुढाकारानं राज्याराज्यांत शेतकरी बाया-पुरुषांची अंगाची मापं घेतली गेली ती यासाठीच. ती मापं घेणं हेच एक शास्त्र आहे.

फवारा: मापं राहू द्या, पंपाचं बोला. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली. माझा चुलतभाऊ नऊ दिवस दवाखान्यात होता, नशिबानं वाचला. त्या वर्षी शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, डोक्याच्या वर गेली होती. नोझल वर धरलं की औषध आपल्याच तोंडावर. ओळीतून निघेपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला. आणि पेपरात काय? शेतकऱ्यानं संरक्षक किट (कोट, चष्मा, मास्क) घातलं नाही!

नांगरफाळ: वाईट झालंच. पण किट घातलं नाही हेही खोटं नाही. निष्काळजीपणा असतोच आपल्यात.

फवारा: निष्काळजीपणा? १६ लिटरचा भरलेला पंप पाठीवर घ्या, प्लास्टिकचा कोट, चष्मा आणि मास्क चढवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात एक एकर मारून दाखवा. घाम सुटतो, चष्म्यावर वाफ धरते, श्वास कोंडतो, मग माणूस मास्क खाली ओढतोच. शरीर किती ताप सहन करतं हे शरीरक्रियाशास्त्रवाल्याला विचारून कोट बनवला असता तर तो अंगावर राहिला असता. भावाला निष्काळजी म्हणायच्या आधी हे करा.

पऱ्हाटी: फवारा, शांत व्हा. त्यांनी तुमच्या भावाला म्हटलेलं नाही.

वेचणारी: कोटाचं झालं, आता ओटीचं ऐका. वेचणीले कमरेले झोळी बांधतो. भरत आली की दहा-बारा किलो पोटावर लोंबते, कंबर मागं ओढून चाला लागते. साहेब म्हनतात अर्ध्यातच रिकामी करा. काऊन करू? मजुरी किलोवर. गंजीपर्यंत जाऊन याले जेवढा वेळ लागते तेवढ्यात दोन किलो वेचून होते. तुमी कितीबी चांगली झोळी शिवा, मजुरी किलोवर हाय तोवर बाई ती ठेचून भरनारच. हे कोनत्या इंजिनिअरले दिसते? रोजानं मजुरी द्या म्हटलं की शेतकरी म्हनते परवडत नाई.

पऱ्हाटी: नाहीच परवडत, ताई. भाव पाहिला का कापसाचा? मी स्वतः शेतकरी आहे.

वेचणारी: मंग माही कंबर परवडते का?

मोजपट्टी: म्हणूनच या विषयात समाजशास्त्र आणि कामाच्या पद्धतीचा अभ्यासही येतो. मजुरी कशी मोजता यावर मणक्यावर किती भार पडतो ते ठरतं.

नांगरफाळ: चर्चा कोळप्यावरून कापसाच्या भावावर गेली. असो. हँडलचं माझ्या डोक्यात राहिलं आहे. गिऱ्हाईक म्हणून बाई आली नाही हे खरं, आणि मी कधी विचारलंही नाही. मानसशास्त्राचं माझं मत कायम आहे. पण मोजून हँडल करून देतो. ताई, बाजाराच्या दिवशी सासूबाईंना घेऊन वर्कशॉपात या.

वेचणारी: बाजाराच्या दिवशी आमची मजुरी बुडते. तुमीच वावरात या. आठ वाजता कामाले लागतो. त्या पोरीले मोजाले संग घेऊन या, तुमच्या हातानं मोजू देनार नाई माही सासू.