शब्दचर्चा: मुळीने धरलेल्या मातीला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीच्या मुळांवरील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करण्यासाठी नमुने गोळा करायचे आहेत आणि त्यासाठी मी मराठी सूचनापत्रक लिहीत आहे. ‘रायझोस्फिअर’साठी, म्हणजे मुळीला लागून असलेल्या मातीच्या पातळ थरासाठी, मला मूलक्षेत्र, मूलपरिवेश आणि मुळालगतची माती असे पर्याय मिळाले. पहिल्या मसुद्यात मी ‘मुळाजवळची माती’ असे लिहिले. ते वाचून मोहोळजवळच्या शेतात गेलेल्या मुलाने ताटापासून वीतभर अंतरावर खुरप्याने खड्डा घेतला आणि अर्धा किलो माती पिशवीत भरून आणली. तिच्यात एकही मुळी नव्हती. चूक त्याची नसून माझ्या शब्दाची आहे असे मला वाटते. योग्य शब्द कोणता?

उत्तर

आपला अंदाज बरोबर आहे. ‘जवळ’ हा शब्द अंतर सुचवतो, पण किती ते सांगत नाही. शिवाय ‘मातीचा नमुना’ म्हटले की आपल्याकडच्या कोणाही शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे माती परीक्षणच उभे राहते: व्ही आकाराचा खड्डा, घमेल्यात एकत्र केलेली माती, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देणे, सावलीत वाळवणे आणि शेवटी अर्धा किलो माती पिशवीत भरणे. येथे जवळजवळ सगळेच उलट आहे. मुळी हलवल्यावरही जी सुटत नाही ती मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीची माती हवी असते, ती वाळवायची नसते, आणि डीएनए वेगळा करण्याच्या बहुतेक संचांना तिच्यातली पाव ग्रॅम पुरते.

जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये ग्रीक ‘रायझा’, म्हणजे मूळ, या शब्दावरून ‘रायझोस्फिअर’ ही संज्ञा घडवली. मराठीत ‘मूलक्षेत्र’ मला नको वाटते, कारण क्षेत्र म्हटले की हेक्टर आठवतात, आणि ठिबकवाल्यांच्या बोलण्यात मुळांचे क्षेत्र म्हणजे जिथवर पाणी पोचवायचे तो सगळा पट्टा. अहवालासाठी ‘मूलपरिवेश’ हा शब्द मी आग्रहाने सुचवेन. संस्कृतात परिवेश किंवा परिवेष म्हणजे सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती दिसणारे कडे. आपण त्याला खळे पडले असे म्हणतो. मुळीभोवतीच्या त्या पातळ थराला ही प्रतिमा नेमकी बसते. खुद्द ‘खळे’ मात्र ज्वारीच्या गावात चालणार नाही, तिथे त्या शब्दावर मळणीचा हक्क आधीचा आहे.

सूचनापत्रकात मात्र हाताला काम सांगणारा शब्द हवा. ‘चिकटलेली माती’ म्हणावे तर आपली काळी माती ओली असताना कुदळीला, चपलेला, सगळ्यालाच चिकटते. म्हणून मी ‘मुळीने धरलेली माती’ असे लिहीन. यात कर्ता मुळी आहे, आणि घडतेही तसेच: मूलरोम, म्हणजे मुळीवरचे बारीक केस, आणि मुळीतून पाझरणारा बुळबुळीत स्राव मातीचे कण धरून ठेवतात, त्याच स्रावावर सूक्ष्मजीव पोसले जातात. ताट वापशावर, म्हणजे जमीन फार ओलीही नाही आणि कोरडीही नाही अशा वेळी, काढावे हेही लिहा. जमीन चिंब असेल तर मुळीऐवजी ढेकूळ हाती येते आणि भेगा पडल्या असतील तर तंतुमुळे तुटून आतच राहतात. पुढचे क्रियापद ‘झटकणे’ असावे, ‘आपटणे’ नव्हे. धसकटे वेचताना ती आपटून माती झाडण्याची सवय हाताला असते, आणि त्या एका फटक्यात आपल्याला हवा असलेला थर निघून जातो.

प्रयोगशाळेतल्या शब्दांसाठी स्वयंपाकघराकडे पाहावे. झटकलेली मुळी निर्जंतुक द्रावण भरलेल्या नळीत घालून जोराने हलवतात, मुळी चिमट्याने काढून घेतात, ते गढूळ पाणी बारीक जाळीतून गाळतात आणि अपकेंद्री यंत्रात (सेंट्रिफ्यूजमध्ये) फिरवतात. ‘मुळे धुवून घ्यावीत’ असे लिहिले तर वाचणारा पाणी फेकून मुळे ठेवील, आणि येथे तर पाणीच नमुना आहे. तांदळाचे धुवण आपण म्हणतोच, तसे ‘मुळांचे धुवण’ म्हणावे. यंत्रात फिरवल्यावर तळाशी बसतो तो ‘साका’. त्याला इंग्रजी ‘पेलेट’वरून ‘गोळी’ म्हणणे हे नुसते शब्दाला शब्द ठेवणे आहे. हा साका उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवून ठेवतात.

एक विनंती. ‘नमुना निर्जंतुक ठेवावा’ असे वाक्य अशा पत्रकांत मी पाहिले आहे, आणि ते अर्थाचा घात करते, कारण नमुन्यातले जंतू हेच तर आपले धन आहे. खुरपे, कात्री, चिमटा ७० टक्के अल्कोहोलने पुसून निर्जंतुक करावेत आणि हातमोजे प्रत्येक झाडाला बदलावेत. नमुन्याबाबत मात्र ‘भेसळ होऊ देऊ नये’ एवढेच म्हणावे.

आणखी एक उत्तर

माझी डाळिंबाची बाग आहे आणि मर रोगाच्या झाडांखालचे नमुने देताना मी हे काम जवळून पाहिले आहे. ज्वारीचे ताट उपटता येते, झाड उपटता येत नाही. आमच्याकडे ठिबकच्या तोटीखालची माती बोटांनी अलगद उकरावी लागते, पांढरी तंतुमुळे उघडी पडली की ती कात्रीने कापून मातीसकट नळीत सोडतात आणि नळी लगेच बर्फात जाते. तेव्हा फळबागांच्या पत्रकात ‘उपटून’ऐवजी ‘उकरून आणि कापून’ असे लिहावे. ‘मुळीने धरलेली माती’ मात्र आमच्याकडेही चालेल.

प्रश्नकर्त्याकडून

आपणा दोघांचे मनापासून आभार. वाक्य आता असे केले आहे: ‘वापशावर ताट मुळासकट काढावे, ढेकळे बोटांनी सोडवावीत, मुळी हलक्या हाताने झटकावी, आणि त्यानंतरही मुळीने धरलेली जी माती राहील ती मुळीसह नळीत घालून बर्फात ठेवावी.’ तुलनेसाठी त्याच शेतातली, जिथे मुळी पोचलेली नाही अशी माती लागते. तिला मी ‘मोकळी माती’ म्हटले आहे आणि तिच्यासाठी वेगळी ओळ दिली आहे. त्या मुलाने आणली होती ती हीच.