सोसायटी ग्रुप: मिररलेस घ्यावा की मोठ्या झूमचा ब्रिज?

ए-५०४: नमस्कार मंडळी. कॅमेऱ्यातले जाणकार ग्रुपवर आहेत म्हणून इथेच विचारते. मोबाइलवर पक्ष्यांचे फोटो काढून वैतागले. झूम केलं की पक्ष्याचा नुसता रंगीत डाग उरतो. दोन पर्याय आहेत: मिररलेस (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि सोबत दोन किट लेन्स, म्हणजे डब्यातच मिळणाऱ्या साध्या लेन्स, नाहीतर एकच, न निघणारी लेन्स असलेला मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा. भाऊ मिररलेस म्हणतो, ऑफिसातली मैत्रीण ब्रिज म्हणते. काढायचं काय, तर गच्चीवरून पक्षी, अधूनमधून चंद्र आणि लेकीचे स्टेजवरचे नाच.

बी-१०२: ताई, डोळे झाकून मिररलेस घ्या. ब्रिजचा सेन्सर, म्हणजे आतला फोटो टिपणारा तुकडा, नखाएवढा असतो.

सी-३०१: डोळे झाकून कॅमेरा घ्यायचा तर व्ह्यूफाइंडर कशाला दिलाय रे? 😀

सी-३०१: आणि ब्रिज म्हणजे कुठला ब्रिज ते आधी बोल. त्यात दोन जाती आहेत. एकांचा सेन्सर १/२.३ इंची, म्हणजे जेमतेम ६ बाय साडेचार मिमी. निकॉनचे पी९५०, पी१०००, कॅननचा एसएक्स७० यातले. दुसऱ्यांचा एक इंची, १३.२ बाय ८.८ मिमी. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ आणि पॅनासॉनिकचा एफझेड१००० त्यातले. क्षेत्रफळ चौपट. दोघांना एकाच माळेत ओवलं की पुढची सगळी चर्चा फुकट.

बी-१०२: बरं काका, एक इंची धरू. तरी मिररलेसमधला एपीएस-सी सेन्सर २३.५ बाय १५.६ मिमी. एक इंचीच्या तिप्पट. गणित बदलत नाही.

ए-२०१: चांगला मोबाइल हातात असताना हे ओझं गळ्यात कशाला?

ए-५०४: आजोबा, समोरच्या झाडावर खंड्या बसला होता की नुसतं पान होतं, हे मोबाइलच्या फोटोवरून मलाच सांगता येईना.

सचिव: सर्वांनी नोंद घ्यावी, उद्या सकाळी पाण्याची टाकी साफ होणार आहे. दहा ते एक पाणी बंद.

डी-६०३: तुम्ही दोघं सेन्सर आणि झूम यावरून भांडताय. पक्षी लांब असेल तर त्याआधी एक आकडा काढून बघा. लेन्सची खरी फोकल लेंग्थ (लांबचं किती जवळ आणते तो मिमीतला आकडा) भागिले एफ नंबर (लेन्सवर एफ४, एफ८ असा दिलेला असतो तो). खरी म्हणजे लेन्सच्या कडेला छापलेली असते ती, जाहिरातीतली ६०० किंवा ३००० नव्हे; ती जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने सांगतात. येणारं उत्तर म्हणजे प्रकाश आत शिरायच्या भोकाचा व्यास. पक्ष्याकडून निघालेला प्रकाश या भोकातूनच आत येणार. आत सेन्सर कितीही मोठा ठेवा, भोक लहान असेल तर पक्ष्याच्या वाट्याला प्रकाश कमीच येणार.

बी-१०२: वहिनी, उदाहरण द्या.

डी-६०३: आरएक्स१० मार्क ४ घे. ६०० म्हणून जी लेन्स विकतात तिची खरी फोकल लेंग्थ २२० मिमी, एफ४. भोक ५५ मिमी. आता तुझा लाडका एपीएस-सी, त्यावर सोनीची ७०-३५० लावली. टोकाला ३५० मिमी, एफ६.३. भोक किती?

बी-१०२: ५५.५ 🤔

डी-६०३: म्हणजे लांब फांदीवरच्या पक्ष्याकडून दोन्ही कॅमेरे जवळजवळ सारखाच प्रकाश गोळा करतात. तुझ्या तिप्पट सेन्सरचा फायदा त्या एफ६.३ मध्ये जिरला. आता दोन किट लेन्सच्या संचात येते ती लांबची लेन्स बघ. कॅननची ५५-२१० टोकाला एफ७.१ होते. भोक ३० मिमीच्या आतबाहेर. ५५ मिमीच्या भोकातून त्याच्या जवळपास साडेतीनपट प्रकाश येतो.

सी-३०१: 👏👏 हे मी इतकी वर्षं अनुभवाने सांगतोय, कुणी ऐकेना. आज कागदावर उतरलं.

डी-६०३: काका, अजून संपलं नाही, टाळ्या आवरा.

ए-५०४: मग पी१००० चं भोक किती? ३००० मिमीचा झूम म्हणे त्याला.

डी-६०३: खरी फोकल लेंग्थ ५३९ मिमी, एफ८. म्हणजे ६७ मिमी. या सगळ्यांत मोठं.

बी-१०२: मग तोच सर्वांत भारी ठरला की! मला नाही पटत.

डी-६०३: न पटणं बरोबर आहे. एफ८ ला कडेवरून वळणारा प्रकाश प्रत्येक बिंदूचा साधारण १०.७ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) ठिपका करतो. पी१००० चा एक पिक्सेल १.३ मायक्रॉनचा. म्हणजे पंखावरचा एक टिंब आठ पिक्सेल रुंद पसरला. पूर्ण झूमला १६ मेगापिक्सेलची फाइल मिळते, तेवढा तपशील तिच्यात नसतो. तरीही पक्षी फार लांब असेल, तर आरएक्स१० चा फोटो पाचपट कापून मोठा करण्यापेक्षा हा पुढेच राहतो. मार खातो तो दुसरीकडे. फोकस कॉन्ट्रास्ट पद्धतीचा, म्हणजे पुढेमागे सरकून चाचपडत जुळवणारा, त्यामुळे बसलेला पक्षी ठीक, उडाला की तुम्ही निळ्या आकाशाचे फोटो काढत बसता. आणि वजन १,४१५ ग्रॅम.

सी-३०१: आणि पक्षी सापडतच नाही, हे कुणी लिहीत नाही. ३००० मिमीला चौकट इतकी अरुंद होते की झाड कुठलं, फांदी कुठली, काही कळत नाही. निकॉनने त्यासाठी एक वेगळं बटण दिलंय. दाबून धरलं की झूम मागे येतो, मोठी चौकट दिसते, पक्षी मध्यभागी आणला की सोडायचं, झूम परत पुढे. ते बटण बोटाला सवयीचं होईपर्यंत पक्षी जेवून घरी गेलेला असतो.

ए-५०४: आणि चंद्र?

सी-३०१: चंद्रासाठी पी१००० ला तोड नाही. फोकल लेंग्थला ११० ने भागा, सेन्सरवर चंद्र तेवढा उमटतो. ५३९ ला ४.९ मिमी. सेन्सरची उंची साडेचार. चंद्र चौकटीत मावत नाही, वरखाली कापला जातो! आरएक्स१० वर २ मिमी.

डी-६०३: आणि ३५० मिमीवर ३.२ मिमी. पण तिथले पिक्सेल मोठे आहेत. मोजलं तर आरएक्स१० आणि २४ मेगापिक्सेल एपीएस-सी, दोन्हीवर चंद्र ८०० पिक्सेलच्या थोडासा वर भरतो. परत बरोबरी.

सी-३०१: ताई, कुठलाही कॅमेरा घ्या, चंद्र ऑटोवर काढू नका. काळ्या आकाशाला बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि चंद्राची पांढरी टिकली होते. चंद्रावर ऊन पडलेलं असतं हो, उन्हातल्या वस्तूसारखाच तो काढायचा. आयएसओ (प्रकाश टिपण्याची तीव्रता) १००, एफ८, शटर १/१२५ ते १/२५० सेकंद. आणि पूर्ण चंद्रापेक्षा अर्धा काढा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, मजा तिथे आहे.

बी-१०२: काका, दुपारी समोरच्या इमारतीच्या पत्र्यावरून झूम करून बघितलंय ना तुम्ही? सगळं लटपटतं.

सी-३०१: ती तापलेली हवा. त्यावर कुठल्याच कॅमेऱ्याकडे औषध नाही. सकाळी लवकर काढायचे किंवा पक्ष्याच्या जवळ जायचं. लांब झूम घेतला म्हणून लांबूनच काढला पाहिजे असं कुठे लिहिलंय?

ए-५०४: आता लेकीच्या नाचाचं सांगा. हॉल अंधारा, स्टेजवर रंगीत दिवे, पोरगी एका जागी थांबत नाही.

बी-१०२: इथे मी बोलणार, कुणी मधे येऊ नका. नाचाला शटर १/२५० च्या खाली गेलं की हात-पाय पुसले जातात. हात हलला तरी फोटो सावरणारं स्टॅबिलायझेशन कितीही भारी असलं तरी काही उपयोग नाही. ते तुमचा हात स्थिर करतं, लेकीला नाही. प्रकाशच जास्त हवा. मिररलेसवर ५० मिमी एफ१.८ ची साधी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, लावा. वहिनींच्या गणिताने भोक २८ मिमी. तेवढीच चौकट धरून आरएक्स१० चं काय होतं?

डी-६०३: तिथे त्याची खरी फोकल लेंग्थ २७ च्या आसपास आणि लेन्स एफ३ च्या पुढे सरकलेली. ९ मिमी धर.

बी-१०२: म्हणजे प्राइममधून आठ-दहा पट प्रकाश! ब्रिजचा फोटो दाणेदार, आपला स्वच्छ. आणि मागचा पडदा धूसर होऊन लेक उठून दिसते ते वेगळंच.

डी-६०३: बरोबर. फक्त एक अट. ताई, तुम्ही बसता कुठे? ५० मिमी पहिल्या दोन-चार रांगांतच कामाची. मागे बसून किटची लांब लेन्स लावलीत तर तिचं भोक तिथे २० मिमीच्या आसपास आणि ब्रिजचं १८. सगळा फायदा गेला.

ए-५०४: पहिल्या रांगेत जागा धरते मी. सगळ्यांच्या आधी पोहोचते. 😄

बी-१०२: मग प्रश्नच मिटला.

सी-३०१: मिटला कसा? ताईंना रोज पक्षी दिसणार, नाच वर्षातून दोनदा. आणि लेन्स बदलायचं काम विसरलास. गच्चीवर वारा, एक लेन्स खिशात, एक हातात, बॉडीचं तोंड उघडं. धूळ सेन्सरवर बसली की प्रत्येक फोटोत आकाशात एक राखाडी ठिपका. आमच्या ब्रिजला उघडायचंच नाही.

बी-१०२: काका, बॉडी खाली तोंड करून धरायची, लेन्स पटकन बदलायची, झालं. शिवाय ब्रिजची लेन्स आतबाहेर सरकताना हवा ओढतेच, तिच्यात धूळ गेली तर ती काढायला अख्खा कॅमेरा उघडावा लागतो. लेन्स बिघडली तरी अख्खा कॅमेरा गेला. माझी बॉडी बिघडली तर लेन्स घरात राहतात.

डी-६०३: दोघांचंही खरं आहे. मला त्यापेक्षा दुसरं खटकतं. आरएक्स१० मार्क ४ हा २०१७ चा कॅमेरा. निकॉनने २०२५ मध्ये पी११०० काढला तो बराचसा २०१८ चा पी१०००च. ब्रिजमध्ये नवं काम फारसं होत नाही. मिररलेसमध्ये दरवर्षी फोकस हुशार होतोय. कॅननचे आर१० आणि आर५० पक्ष्याचा डोळा ओळखून धरून ठेवतात. पण मिररलेस म्हटलं की हे आपोआप येतं असं नाही हं. सोनीचा ए६४०० प्राण्यांचे डोळे ओळखतो, त्यात पक्षी बसत नाहीत. घेण्याआधी मॉडेलगणिक तपासा.

ए-२०१: आणि वजन? ताईंच्या खांद्याचा विचार कुणी करतंय का?

डी-६०३: आजोबा, चांगलं विचारलंत. ब्रिज हलका असतो हा समज आहे. आरएक्स१० मार्क ४ भरतो १,०९५ ग्रॅम. ए६४०० ची बॉडी ४०३ आणि ७०-३५० लेन्स ६२५, मिळून १,०२८. पारडं समान. मात्र मिररलेसवाल्याला लांबचं सोडून जवळचं काढायचं झालं की दुसरी लेन्स लागते, ती पिशवीत असते आणि पिशवी घरी असते.

सी-३०१: 😂 हे लाख बोललात. आमची नातवंडं खेळताना मधेच घार खाली झेपावली, मी एका हाताने झूम फिरवला आणि दोन्ही काढले.

सचिव: विनंती: छंदाच्या चर्चेसाठी वेगळा ग्रुप करावा. तातडीचे निरोप वर जातात.

बी-१०२: सर, पाच मिनिटं. निकाल लागतोय.

ए-५०४: मी समजले तेवढं लिहिते, चुकलं तर सांगा. मी ज्या पर्यायाकडे झुकले होते, मिररलेस आणि दोन किट लेन्स, तो पक्ष्यांना अपुरा आणि नाचालाही अपुरा?

डी-६०३: अगदी हेच. संच आकर्षक दिसतो कारण डब्यात दोन लेन्स असतात. लांबची लेन्स पक्ष्यापर्यंत पोचत नाही आणि दोन्ही लेन्स अंधारात आंधळ्या. मिररलेस घ्यायचा तर फक्त बॉडी, एक ५० मिमी प्राइम आणि ३५० किंवा ४०० पर्यंत जाणारी एक खरी लांब लेन्स. तिन्ही एकदम झेपत नसेल तर लांब लेन्स आधी, प्राइम कार्यक्रमाच्या तोंडावर. हे जमणार नसेल, किंवा लेन्स बदलायचा कंटाळा असेल, तर एक इंची ब्रिज. संचापेक्षा तो कधीही बरा.

बी-१०२: मला मान्य आहे. नाइलाजाने.

सी-३०१: मला "कंटाळा" शब्द मान्य नाही, बाकी मान्य.

ए-५०४: खरं सांगू? माझे पक्षी बहुतेक बसलेले असतात. उडणारे मी अजून धरायलाही शिकले नाही.

डी-६०३: मग फोकसच्या शर्यतीत सध्या पडू नका. आधी दोन्ही हातात घेऊन बघा. काका, तुमचा आरएक्स१० आणि याची बॉडी लांब लेन्ससकट गच्चीवर आणाल का?

सी-३०१: रविवारी सकाळी सात. ऊन चढायच्या आत.

बी-१०२: येतो. लांब लेन्स आहे, ५० मिमी पण आणतो.

डी-६०३: एकाच फांदीवर दोघांनी फोकस करा, दोन्हींना शटर सारखं ठेवा. आणि निकाल कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर लावायचा नाही, तिथे सगळेच फोटो छान दिसतात. कार्ड लॅपटॉपला लावून, पक्षी पडद्यावर सारखाच मोठा दिसेल असा कापून, मग बघायचं. जिन्यातल्या मंद दिव्याखाली ताईंच्या लेकीला दोन गिरक्या घ्यायला लावा, ५० मिमीने एक, ब्रिजने एक.

ए-५०४: लेकीला उठवायची जबाबदारी कुणाची? रविवारी सात म्हणजे तिची मध्यरात्र.

सचिव: गच्चीची चावी माझ्याकडे आहे. आदल्या रात्री नऊपर्यंत घेऊन जा, वहीत सही करा.