स्वेल्ट ५: चालती स्टोअर्स रून्समध्ये बदलायचीच का?

रानपाखरू
आमचं वेब-ॲप स्वेल्ट या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये आहे. टीमने ठरवलंय, सगळी 'रायटेबल' स्टोअर्स (अनेक कंपोनंट्समध्ये वाटून वापरायची व्हॅल्यू ठेवण्याची जुनी पद्धत) काढून रून्स (त्याच कामासाठी स्वेल्ट ५ मधल्या डॉलरने सुरू होणाऱ्या नव्या खुणा) लावायचे. माझा विरोध आहे. स्वेल्ट ५ ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं, पण स्टोअर्स त्यात बाद झालेली नाहीत. कंपोनंटला बाहेरून व्हॅल्यू देण्याच्या जुन्या 'एक्स्पोर्ट लेट'चं नवं 'प्रॉप्स' रून स्वेल्टची मायग्रेशन स्क्रिप्ट करून देते. आपण लिहिलेल्या स्टोअर्सना ती हात लावत नाही. ते काम हातानेच करायचं, मग चालत्या कोडला कशाला छेडायचं?

कोरडवाहू
असहमत. एकाच ॲपमध्ये नावापुढचा डॉलर ($) कुठे स्टोअरच्या सबस्क्रिप्शनचा (बदल कळावा म्हणून केलेल्या नोंदणीचा), कुठे रूनचा, यात नवीन माणसाचे हाल होतात. शिवाय स्टोअरमध्ये अख्खं कार्ट ठेवलं, की एका वस्तूची संख्या बदलली तरी ते स्टोअर वाचणाऱ्या प्रत्येकाला निरोप जातो. 'स्टेट' रूनमध्ये ऑब्जेक्टचा खोलवर प्रॉक्सी (आतला प्रत्येक बदल टिपणारं आवरण) होतो, म्हणून ती संख्या वाचणारा भागच हलतो. स्वेल्टकिटनेही (स्वेल्टवर अख्खं ॲप बांधायचं फ्रेमवर्क) २.१२ पासून 'पेज'साठी (चालू पानाच्या माहितीसाठी) स्टोअरऐवजी ॲप-स्टेट दिलंय.

रानपाखरू
फायदा मान्य. पण मॉड्यूलमधून (वेगळ्या कोड-फाइलमधून) 'स्टेट'चा आकडा एक्स्पोर्ट करून तो बदलायला गेलात की कंपायलर अडवतो. मग ऑब्जेक्टमध्ये गुंडाळा किंवा गेटर (व्हॅल्यू वाचून देणारं फंक्शन) लिहा. त्यातून ऑब्जेक्ट इम्पोर्ट करून कुणी डिस्ट्रक्चर केला (त्यातली व्हॅल्यू वेगळ्या व्हेरिएबलमध्ये काढली), तर व्हॅल्यू तिथेच गोठते. एरर येत नाही, स्क्रीनवर जुनाच आकडा राहतो. चाळीस फायलींत हे शोधणार कोण?

सांजसावली
दोघांनीही सर्व्हर विचारात घेतलेला नाही, आणि मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटते. सर्व्हरवर मॉड्यूल एकदाच लोड होतं. त्यात वापरकर्त्याची माहिती ठेवली, तर एकाची दुसऱ्याला दिसू शकते. स्टोअर असो वा रून, धोका तोच. कोड उघडणारच आहात तर आधी अशी स्टेट कॉन्टेक्स्टमध्ये (एका कंपोनंटपासून त्याच्या आतल्यांपुरती दिसणारी जागा) न्या. सिंटॅक्स नंतर बघू.

कोरडवाहू
हे पटलं. आणि सगळं एका दमात बदलायची गरजही नाही. 'फ्रॉमस्टोअर'ने जुनं स्टोअर रून्ससारखं वाचता येतं. कार्ट आधी घ्या, बाकीचं सवडीने.

रानपाखरू
कार्टला माझी हरकत नाही. वेबसॉकेटचं (सर्व्हरशी उघडं राहणाऱ्या कनेक्शनचं) स्टोअर मात्र राहू दे. पहिला सबस्क्रायबर आला की कनेक्शन उघडतं, शेवटचा गेला की बंद होतं.

कोरडवाहू
तेच स्वेल्ट ५.७ पासूनच्या 'क्रिएट-सबस्क्रायबर'नेही होतं.

रानपाखरू
होतं, पण कोड कमी होत नाही आणि टेस्ट नव्याने लिहाव्या लागतात. ते मी बदलणार नाही.