एक्सपॅट, प्रवासी, बिऱ्हाडकरू : परक्या शहरात रुळणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

परक्या देशातल्या एका शहरात येऊन मला चौदा महिने झाले. इथे नव्याने आलेली माणसं महिन्यातून एकदा जमतात. निरनिराळ्या देशांतली असतात. कुणी नोकरीसाठी आलेलं, कुणी जोडीदाराच्या मागून, कुणी शिकायला. या महिन्याचं निमंत्रण मराठी मंडळींपर्यंत मराठीतून पोचवायचं ठरलं, ते काम माझ्याकडे आलं आणि मी पहिल्याच ओळीत अडले. 'एक्सपॅट'ला मराठीत काय लिहायचं?

आधी 'परदेशस्थ' लिहिलं आणि खोडलं. तो शब्द मायदेशातून इकडे बघणाऱ्याचा आहे. ज्या इमारतीचा जिना मी रोज चढते-उतरते, तिथे उभं राहून स्वतःला परदेशस्थ म्हणवत नाही. 'अनिवासी' हा बँकेच्या आणि कराच्या अर्जांतला शब्द. माणूस कुठे राहत नाही एवढंच तो सांगतो, कुठे राहतो त्याबद्दल गप्प. 'स्थलांतरित' अर्थाने चुकीचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ सालच्या शिफारशींत नेहमीच्या राहण्याचा देश किमान बारा महिन्यांसाठी बदलणाऱ्याला दीर्घकालीन स्थलांतरित म्हटलं आहे, त्यात मी बसते. पण निमंत्रणात 'सर्व स्थलांतरितांनी' असं लिहिलं की मदत छावणीतली सूचना वाटते.

दुसरी अडचण मोठी आहे. नुसतं 'एक्सपॅट' नव्हे, 'आपल्यासारखेच इतर एक्सपॅट' असं म्हणायचंय. 'देशबांधव' चालत नाही, कारण देश एक नाही. माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण दुसऱ्याच खंडातली आहे. भाडेकराराच्या एकाच कलमावर आम्ही दोघी अडलो होतो, तिथून ओळख झाली. या नात्याला मराठीत शब्द आहे का?

प्रतिसाद

आधी मूळ शब्द बघू. 'एक्सपॅट' हे 'एक्स्पॅट्रिएट'चं लघुरूप. लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'पात्रिया' म्हणजे पितृभूमी. इंग्रजीत हे आधी क्रियापद म्हणून आलं आणि त्याचा जुना अर्थ होता देशाबाहेर घालवणं. म्हणजे 'तडीपार'च्या जवळचा! आज त्या शब्दाला जी झळाळी आहे ती नंतर चढलेली.

ती झळाळीच मला खटकते. एकाच शहरात, एकाच विमानातून उतरलेल्या दोघांपैकी कार्यालयात बसणारा 'एक्सपॅट' आणि बांधकामावर जाणारा 'मायग्रंट'. दोघांनी घर सोडलं, दोघं पहिल्या रात्री छताकडे बघत जागे राहिले. मराठी प्रतिशब्द शोधताना हा भेद आपल्या भाषेत आणू नये, एवढीच विनंती.

प्रतिसाद

शब्द आपल्याकडे होता, आपण तो प्रवासात हरवला. 'प्रवासी'.

संस्कृतात 'प्र' उपसर्ग आणि 'वस्' म्हणजे राहणे. प्रवास म्हणजे घरापासून दूर जाऊन राहणं. नुसतं जाणं नव्हे, राहणं. संस्कृत काव्यशास्त्रातली 'प्रोषितभर्तृका' आठवा, जिचा नवरा दूरदेशी आहे ती नायिका. 'प्रोषित' हे त्याच धातूचं रूप. हिंदीने हा अर्थ जपला, म्हणून २००३ पासून ९ जानेवारीला 'प्रवासी भारतीय दिवस' साजरा होऊ लागला. गांधीजी १९१५ साली आफ्रिकेतून परतले तो हा दिवस. मराठी कानाला मात्र तो दिवस सहलीला निघालेल्या भारतीयांचा वाटतो, कारण आपण त्या शब्दाला राहणं सोडायला लावलं आणि जाणं तेवढं ठेवलं.

बाकी 'वस्'ची भावंडं मराठीत सुखाने नांदतायत. निवासी, रहिवासी, वास्तव्य, वस्ती, वनवास. माहेरवाशीणसुद्धा. मला 'सहप्रवासी' आवडेल. जुना अर्थ परत मिळवण्याची ही चांगली संधी आहे.

मूळ प्रश्नकर्ती

'प्रवासी'चं वाचून फार आनंद झाला, हे मला माहीतच नव्हतं. पण 'सहप्रवासी' निमंत्रणात लिहिलं तर वाचणारा शेजारच्या खिडकीपाशी बसलेला माणूस समजेल. शब्दाला जुना अर्थ परत द्यायला एका निमंत्रणाची ताकद पुरायची नाही.

प्रतिसाद

'बिऱ्हाडकरू' घ्या.

बिऱ्हाड म्हणजे नुसती भाड्याची खोली नाही. त्यात माणसं आली, भांडीकुंडी आली, चूल आली. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' म्हणतो तेव्हा त्यात हलवाहलव आली, पण जिथे ते उतरेल तिथे पूर्ण संसार मांडला जाईल हेही आलं. घर आपलं नाही, पण राहणं शंभर टक्के आपलं. एक्सपॅटची अवस्था याहून नेमकी कशी सांगणार? शिवाय या शब्दात देश नाही, दर्जा नाही, पगार नाही, त्यामुळे वर कुणी मांडलेला आक्षेपही मिटतो. एका वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंना एकमेकांबद्दल जे वाटतं तेच तुमच्या त्या मैत्रिणीचं नातं आहे. मालक कोण, याच्याशी त्याचा संबंध नाही.

प्रतिसाद

मला वाटतं आपण नामाच्या मागे उगाच धावतोय. मराठीचं बळ इथे क्रियापदांत आहे, आणि त्यांच्यातले फरक इतके बारीक आहेत की त्यांनी पूर्ण वर्ष सांगता येतं.

'कल्चर शॉक', म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर उडणारा गोंधळ, हा शब्द मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबेर्ग यांच्या १९६०च्या लेखामुळे रूढ झाला. त्यांनी पायऱ्या सांगितल्या, सुरुवातीचं भारावलेपण, मग संकटाचा काळ, मग सावरणं आणि शेवटी जुळवून घेणं. त्याआधी १९५५ साली समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या नॉर्वेजियन लोकांच्या अभ्यासातून हेच इंग्रजी 'यू' अक्षरासारख्या वक्ररेषेने दाखवलं होतं, आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर. 'सांस्कृतिक धक्का' हे भाषांतर मला कधीच पटलं नाही. धक्का एकदा बसतो आणि संपतो. इथे तसं होत नाही. इथे माणूस बुजतो.

'बुजणे' हा शब्द बघा. बैल बुजतो, घोडा बुजतो, लहान मूल नव्या माणसाला बुजतं. इजा कुणी केलेली नसते, फक्त समोरचं ओळखीचं नसतं. मी इथे पहिल्यांदा सरकारी कचेरीत गेलो तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंना विचारायचं वाक्य रांगेत उभ्या उभ्या वीस वेळा मनात म्हटलं होतं. माझा नंबर आला, त्या हसल्या आणि काहीतरी वेगळंच विचारलं. मी कागद पुढे सरकवला आणि गप्प उभा राहिलो. मला धक्का बसला नव्हता, मी बुजलो होतो. पुढे चार-पाच खेपांनंतर त्याच खिडकीशी मी चुकीच्या व्याकरणात का होईना, वाद घातला. त्याला मराठीत म्हणतात भीड चेपणे. एकदम नाहीशी होत नाही ती, चेपते; वापरून वापरून गादी चेपते तशी.

त्यानंतर येतं 'रुळणे'. केस खांद्यावर रुळतात, नवा शब्द भाषेत रुळतो, रुळलेली वाट असते. सगळीकडे अर्थ एकच, वारंवार वावरून सहज होणं. रुळण्यात कष्ट दिसत नाहीत, पण सवड लागते.

'रमणे' निराळं. रुळलेला माणूस रमलेला असतोच असं नाही. वर्षानुवर्षं रुळून न रमलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि पहिल्या आठवड्यातच रमलेली पण अजून बसचा मार्ग चुकणारीही. 'जम बसणे' कामधंद्याचं, 'घडी बसणे' घराचं, 'बस्तान बसवणे' यात थोडी जिद्द आणि थोडा पसारा. 'स्थिरावणे' कागदोपत्री ठीक.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादातलं 'रुळणे' वाचून आजी आठवली. कुणाची लेक सासरी गेली की तिचा पहिला प्रश्न असायचा, "रुळली का गं?" 'रमली का' नंतर, बऱ्याच दिवसांनी, आणि आवाज खाली आणून. परक्या जागी जाऊन आयुष्य मांडायची आपली शब्दसंपत्ती बायकांनी घडवली आहे, हे या चर्चेत नोंदवून ठेवावंसं वाटलं.

प्रतिसाद

शेतीतला एक शब्द देतो. रोप उपटून दुसरीकडे लावलं की ते मान टाकतं. लागवडीनंतर तीन-चार दिवसांनी जे पाणी देतात त्याला 'आंबवणी' म्हणतात. लावतानाच्या पाण्याने रोप उभं राहतं, पण माती धरतं ते आंबवणीने. नव्या शहरात आपल्यासारख्याच माणसांशी होणारी पहिली भेट मला तशी वाटते. विमानतळावर घ्यायला येणारा भेटतो ते पहिलं पाणी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी "जमतंय ना?" विचारतं, ती आंबवणी.

प्रतिसाद

सर्वनामंही बघा. इंग्रजीत एकच 'वुई', आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण'. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवलं की आम्ही, आत घेतलं की आपण. परक्या शहरात माणूस कितपत रुळला हे मला या दोन शब्दांवरून कळतं. नवा माणूस स्थानिकांबद्दल 'हे लोक' म्हणतो. मग घरी फोनवर 'आम्ही इथे असं करतो' येतं. आणि एक दिवस तो नंतर आलेल्या दुसऱ्या कुणाला सांगतो, "आपण इथे रविवारी आवाज नाही करत." त्या 'आपण'मध्ये सबंध शहर असतं, आणि बहुतेकदा बोलणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

'आपल्याकडे' मात्र हट्टी आहे. तो बराच काळ जुन्या घराकडेच बोट दाखवतो.

मूळ प्रश्नकर्ती

हे वाचून मी माझे जुने संदेश काढून बघितले. पहिल्या दोन महिन्यांत सगळीकडे 'इथली माणसं'. गेल्या महिन्यात त्याच मैत्रिणीबद्दल बहिणीला लिहिलेलं वाक्य, "आम्ही दोघी आता घरी पोचलो." घरी! माझं मलाच दिसलं नव्हतं.

निमंत्रण आता असं लिहिलंय :

'या शहरात नुकतंच बिऱ्हाड केलेल्या, अजून रुळत असलेल्या आणि रुळून गेलेल्या सगळ्यांसाठी. देश कोणताही असो. शनिवारी संध्याकाळी आपण सगळे भेटूया.'

'बिऱ्हाडकरू' नाम म्हणून घातलं नाही, 'बिऱ्हाड केलेल्या' जास्त बोलल्यासारखं वाटलं. चालेल ना?

प्रतिसाद

छान झालंय. 'भेटू या' सुटं लिहा. आणि 'आपण सगळे' काढलंत तरी चालेल, 'भेटू या' म्हटलं की त्यात 'आपण' आलंच.