बासदोर कोठे होते? १८३५ मधील कंपनीच्या आखाती आरमाराविषयी

प्रश्न – जयगडखाडी

आमचे घर जयगडच्या खाडीकाठी आहे. गेल्या वर्षी गणपतीपूर्वी माळा साफ करताना जुन्या शिसवी पेटीच्या तळाशी मोडी लिपीतील एक कागद सापडला. कडा कसरीने खाल्ल्या आहेत, मधल्या घडीवर शाई उतरली आहे. तरीही शके १७५७ (म्हणजे इ.स. १८३५), ज्येष्ठ मास, 'मुकाम बासदोर' आणि 'अल्पिष्टन जाहाज' एवढे शब्द स्पष्ट लागतात. माझ्या पणजोबांचे आजोबा ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारात खलाशी होते आणि अरबांच्या मुलखात गेले होते, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. कागद त्यांनीच घरी पाठवलेला असावा. शेवटच्या ओळीत 'मातीचा हंगाम सरलियावर येणे होईल' असे मी वाचले आहे, परंतु समुद्रावरचा माणूस मातीच्या हंगामाविषयी का लिहील, हे उमगत नाही. हे बासदोर कोणते, आणि तेथे कंपनीचे आरमार काय करीत होते?

उत्तर – दर्यावाट

आपला कागद फार मोलाचा आहे. प्रथम तो प्लास्टिकच्या पिशवीतून काढून कोरड्या सुती कापडात ठेवावा, ही विनंती.

बासदोर म्हणजे बासिदू. इराणच्या आखातात, होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळच्या केश्म बेटाच्या पश्चिम टोकाला हे ठाणे होते. १८१९-२० साली मुंबईहून जनरल विल्यम केर ग्रँट याच्या हाताखाली मोठी मोहीम निघाली, तिने आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचे रास अल-खैमा बंदर घेतले, आणि जानेवारी १८२० मध्ये किनाऱ्यावरील शेखांशी सर्वसाधारण तह झाला. त्यानंतर काही फौज केश्मवर ठेवली होती, परंतु ती १८२३ मध्ये काढून घेण्यात आली आणि आखाताची राखण जहाजांच्या एका तुकडीवर सोपवली गेली. ती बासिदूला नांगर टाकून असे व इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर येथील कंपनीच्या रेसिडेंटच्या, म्हणजे राजकीय प्रतिनिधीच्या, सांगण्यावरून फिरत असे. या आरमाराचे नाव १८३० पर्यंत 'बॉम्बे मरीन' होते, त्या साली ते 'इंडियन नेव्ही' झाले.

'अल्पिष्टन' म्हणजे 'एल्फिन्स्टन' ही लढाऊ स्लूप (तोफा असलेले लहान शिडाचे जहाज), याविषयी मला शंका नाही. आपल्याकडे मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याचे नाव लोक असेच उच्चारीत. १८३५ साली अबू धाबीकडील बनी यास टोळीच्या गलबतांशी याच जहाजाची झुंज झाली, तीत ती गलबते हरली, आणि त्याच वर्षी कार्यवाहक रेसिडेंट सॅम्युएल हेनेल याने शेखांकडून पहिला समुद्री युद्धविराम मान्य करून घेतला. त्याची मुदत २१ मे ते २१ नोव्हेंबर एवढीच होती, कारण हे सहा महिने मोती काढण्याचे. पाणबुडे निर्धास्तपणे बुडी मारू शकावेत म्हणून त्या काळात कोणीही कोणाच्या गलबतावर चालून जायचे नाही, असा करार होता. तो पुढे दरवर्षी वाढवला गेला, १८४३ मध्ये दहा वर्षांसाठी झाला, आणि १८५३ मध्ये कायमचा.

म्हणून शेवटची ओळ पुन्हा पाहावी. तो शब्द 'मातीचा' नसून 'मोतीचा' असावा, असे मला वाटते.

उत्तर – विजयदुर्गवासी

वरील माहिती योग्य आहे, परंतु एक गोष्ट जोडणे मला आवश्यक वाटते. या मोहिमांचा इतिहास बहुधा 'चाच्यांचा बंदोबस्त' या मथळ्याखाली लिहिला जातो. आपण कोकणातल्या माणसांनी तो शब्द वापरताना थांबले पाहिजे. याच कंपनीने आंग्र्यांनाही चाचे म्हटले होते, कारण ते आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांनी आपला परवाना घ्यावा असे म्हणत. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, तेव्हा वाकलेले सत्तेचे पारडे आखातातही तसेच वाकवले गेले. १८१९ ची मोहीम ज्यांच्यावर होती ते रास अल-खैमा व शारजाचे कासिमी हे मोठे दर्यावर्दी व्यापारी होते आणि मस्कतशी त्यांचे जुने वैर होते. त्या पाण्यात लूट होत नव्हती असे मी म्हणत नाही. व्यापारी गलबते खरोखर लुटली जात आणि त्यांवरची माणसे मरत. तरीही कोणती लूट आणि कोणता जकातीचा हक्क, हे ठरवण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे घेतला होता, हे लक्षात ठेवून ते कागद वाचावेत.

उत्तर – सुकाणू

खलाशांविषयी थोडे लिहितो. अधिकारी इंग्रज असले तरी सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी ही पदे आणि त्यांची नावे आपल्याच बंदरांतली होती. कंपनीच्या पहिल्या काळातील गुराबा (मोठी लढाऊ जहाजे) व गलबतेही याच किनाऱ्यावरच्या घडणीची. आरमाराने १८२० च्या दशकात आखाताची मोजणी केली, ती लढायांपेक्षा अधिक टिकली. दोरीला शिशाचे वजन बांधून ते सोडायचे, तळ लागला की दोरी ओढून किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाणी आहे ते ओरडून सांगायचे, आणि असे शेकडो मैल करायचे. उन्हाळ्यात लोखंडाला हात लावता येत नाही अशा उकाड्यात हे काम दिवसभर चाले. नकाशांवर नावे अधिकाऱ्यांची आहेत.

इंडियन नेव्ही ३० एप्रिल १८६३ रोजी मोडण्यात आली व आखाताची राखण ब्रिटिश शाही नौदलाकडे गेली. शोध पुढे न्यायचा असल्यास मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुरालेखागारातील सागरी विभागाचे दप्तर पाहावे. आखातातील रेसिडेन्सीचे बरेच कागद कतार डिजिटल लायब्ररीवर विनामूल्य उपलब्ध आहेत. तेथे १८३५ व जहाजाचे नाव घालून शोधावे.

प्रश्नकर्ता – जयगडखाडी

सर्वांचा मनापासून ऋणी आहे. आज सकाळी खिडकीत बसून भिंगाने तो शब्द पुन्हा पाहिला. 'म'च्या वर मात्रेची पुसट रेघ आहे, घडीची खूण समजून मी ती सोडून दिली होती. 'मोतीचा हंगाम सरलियावर येणे होईल.' ज्येष्ठात लिहिलेला कागद, म्हणजे त्यांना घरी यायला कार्तिक तरी उजाडला असणार. आई शेजारी होती; तिने ती ओळ दोनदा वाचायला सांगितली.