क्लॅटसाठी इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली असून आता बारावीत आहे आणि विधी विद्यापीठांतील प्रवेशासाठी क्लॅटची तयारी करीत आहे. या परीक्षेत सुटे शब्दार्थ विचारत नाहीत. सुमारे ४५० शब्दांचा उतारा देऊन त्यातील शब्दाचा त्या ठिकाणचा अर्थ विचारतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. ती रोज पहाटे वीस शब्द दोन रकान्यांच्या वहीत लिहून पाठ करते, तरी आठवडाभरात निम्मे विसरते. परवा वहीत 'सँक्शन'पुढे 'मंजुरी' लिहिलेले होते आणि संध्याकाळच्या सराव उताऱ्यात मात्र एका देशावर लादलेले 'सँक्शन्स' म्हणजे निर्बंध निघाले. ती बराच वेळ वहीकडे नुसती पाहत बसली, तेव्हा मला फार वाईट वाटले. एकाच शब्दाचे असे उलट अर्थ कसे नोंदवावेत? लॅटिन धातूंवरून अर्थ लावण्याची पद्धत मराठी माध्यमाच्या मुलांना खरोखर उपयोगी पडते का, की इंग्रजी अग्रलेख वाचून शब्द वाक्यासकट टिपावेत? मला दुसरा मार्ग अधिक पटतो, परंतु एका अग्रलेखाला तिला तासभर लागतो. उजळणी किती दिवसांच्या अंतराने घ्यावी, हेही अनुभवी पालकांनी व विद्यार्थ्यांनी कृपया सविस्तर सांगावे.